कोळी पाहायला आलेले पाहुणे

पहाटे फुलं तोडायला गेलं की आधी फुलावर फुंकर घालायची आणि मगच ते खुडायचं, अशी मायची ताकीद होती. आमची फुलं अमरावतीच्या बाजारात जात आणि तिथून देवळापुढच्या हारवाल्यांकडे. एकदा एका वकिलीणबाईंच्या हातातल्या हारातून कातीण निघाली आणि त्यांच्या मनगटावर चढली, तेव्हा तो हारवाला आमच्या बाबांच्या नावानं बाजारभर ओरडत फिरला होता. आमच्याकडे कोळ्याला कातीण म्हणत. पिवळ्या शेवंतीत बसणारी कातीण पिवळी, मोगऱ्यातली दुधासारखी पांढरी. पुढचे पाय खेकड्यासारखे पसरून ती पाकळ्यांत अशी बेमालूम बसायची, की माशी आपणहून येऊन तिच्या मिठीत पडे. मी फुंकर घातली की ती आडवी आडवी चालत पाकळीच्या मागे जायची. मग मी तिला बोटावर घ्यायचे आणि दुसऱ्या फुलावर ठेवायचे. मला भीती कशी वाटत नव्हती, याचं माझ्या नातींना आता नवल वाटतं. त्या झुरळ दिसलं तरी पलंगावर चढतात.

आमची बाग गावाबाहेर, बडनेऱ्याच्या अंगाला होती. बागेतच घर, मातीच्या भिंती आणि छपरावर कवेलू. आमची सकाळ मोटेच्या कुरकुरीनं उजाडायची. बाबा बैल हाकताना गाणी म्हणत नसत, शिव्याच देत, पण सुरात. तोवर माय चुलीपाशी बसून ज्वारीच्या भाकरी थापायची आणि सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, नाहीतर जवसाची चटणी असायची. वांग्यांचे दिवस आले की काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, त्यात कांद्याची पात आणि तेलात तडतडलेल्या मिरच्या. तो वास आला की मी बागेच्या कुठल्याही कोपऱ्यात असले तरी धावत यायचे. आता गॅसवर भाजलेल्या वांग्याला लोक भरीत म्हणतात, मी गप्प राहून खाते.

त्या घरात आमच्याइतक्याच कातिणीही राहत. दाराच्या मागे तळहाताएवढी एक मोठी असायची. ती जाळं करत नसे, झुरळं धरून खायची. कधी कधी पोटाखाली पांढरी गोल चकती धरून भिंतीवर फिरताना दिसायची. माय तिला मारू देत नसे. आढ्याला लांब पायांच्या काटकुळ्या कातिणी लोंबत आणि फुंकर मारली की आपलं जाळं धरून थरथर हलत. ओसरीच्या भिंतीवर ऊन आलं की बुटक्या, उड्या मारणाऱ्या कातिणी निघायच्या. त्या अंग वळवून सरळ माणसाच्या तोंडाकडे बघायच्या. निंबाच्या खोडावर चापट, करडी, मागे दोन शेपट्यांसारखं काही असलेली एक होती. हात नेला की ती खोडाच्या पलीकडे पळायची, आपण पलीकडे गेलो की अलीकडे. तुरीच्या वावरात हिरव्यागार, काटेरी पायांच्या. बांधावरच्या बाभळीवर तर शेकडो कातिणींनी मिळून एकच मळकं, घोंगडीसारखं घर केलेलं असे. हे सगळं मी रोज बघत होते. पण ज्याला बघणं म्हणतात ते मला शिकवलं काकाजींनी.

काकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, पुंडलिक. आमच्या घरात इंग्रजी शिकलेला पहिला माणूस. नागपूरच्या कॉलेजात ते सायन्सला होते. नागपूर तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी होती. काकाजी राजधानीतून येतात म्हणजे तेही थोडेफार सरकारच, असं मला वाटे. घरात कसलाही पेच पडला, कोर्टाचा कागद असो नाहीतर बैलाचं दुखणं, बाबा म्हणायचे, "पुंडलिकाले येऊ द्या, त्याले विचारू." सुट्टीत ते येणार असले की माय गोधडी धुवायची, ओसरी सारवायची. बाबा त्यांच्यासाठी उन्हाळ्यातही कुठून कुठून संत्री मिळवून आणायचे. ते मात्र आल्या आल्या कोट खुंटीला अडकवत, धोतर वर खोचत आणि मला हाक मारत, "वेणे, चाल! आज काय काय हाये तुह्या राज्यात?"

कॉलेजातून ते काचेच्या नळ्या आणत, बुचाच्या. आम्ही दोघं दुपारभर बागेत हिंडायचो. दाराच्या मागच्या मोठीच्या पोटाखालची चकती म्हणजे तिच्या अंड्यांची पिशवी, हे त्यांनी सांगितलं. आम्ही तिला कंदिलाच्या काचेखाली ठेवलं, वर मलमलचा तुकडा बांधला, आणि एके सकाळी काचेवर मोहरीएवढी पिल्लं सगळीकडे पसरली होती. काकाजींनी माझं डोकं हलकेच काचेजवळ नेलं. म्हणाले, "पाय मोज." मी मोजले. त्यांनी विचारलं, "माशीले किती असतेत?" मी बागेत धावत गेले, माशी धरून आणली आणि तिचेही पाय मोजले. ते हसले नाहीत. "बरोबर केलं," म्हणाले. "कोनाचं ऐकून सांगाचं नाई. पाहून सांगाचं." असं माझ्याशी तोवर कोणी बोललं नव्हतं. घरात मला सांगणारे सगळे होते, मला विचारणारे तेवढे एकच.

एकदा ते मित्रांबरोबर मेळघाटात धारणीपर्यंत जाऊन आले. तिथे दोन झाडांच्या मधे माणसाच्या उंचीवर जाळं होतं म्हणे, आणि त्याचा धागा पिवळाधमक, सोन्याच्या तारेसारखा. काडीवर गुंडाळून तो थोडासा धागा त्यांनी माझ्यासाठी आणला. मी तो उन्हात धरायचे, ओढून बघायचे. केसापेक्षा बारीक, पण तुटत नसे.

मी मराठी चौथी पास झाले होते. त्यापुढे आमच्याकडच्या मुली शाळेत जात नसत. बाबांचा विरोध होता असं नाही, त्यांच्या डोक्यात तो प्रश्नच आला नव्हता. विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात पाय सोडून आम्ही बसलो होतो, तेव्हा मीच काकाजींना विचारलं, "मले तुमच्यासारखं शिकता येईन का?"

"काहून नाई?" ते म्हणाले. "गावात मुलीची इंग्रजी शाळा हाये. पुढच्या वर्सी तुले तिथं घालतो. दादाले मी सांगतो. माह्या शब्दाबाहेर नाई जात तो."

हे खरंच होतं. त्यांच्या शब्दाबाहेर बाबा जात नसत. म्हणून मी निर्धास्त झाले. पुढचं वर्ष येऊन गेलं, त्याच्या पुढचंही आलं. काकाजींची परीक्षा झाली, पास झाले, पण नोकरी लागेना. ते घरी राहू लागले. गावात अर्ज देत फिरत आणि संध्याकाळी थकून ओसरीवर पडून राहत. शाळेचं मी काढलं की म्हणत, "माहं जरा बस्तान बसू दे वेणे, मंग पाय." मीही समजून घेतलं. त्यांच्यासाठी चहा करायचे, नळ्या धुऊन पुसून ठेवायचे. नळ्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर नावं मीच लिहायचे, आमची आम्ही ठेवलेली नावं: दोन शेपट्यांची, फुलातली, मुंगीसारखी, उडीवाली.

मग एके दिवशी ते अकोल्याला जाऊन आले आणि खुशीत दिसले. मला म्हणाले, "वेणे, अकोल्याचे माहे ओयखीचे लोक येऊन राहिले परवा. त्यायले तुह्या कातिनी पाहाच्या हायेत."

"माह्या?"

"मंग! मी सांगतलं त्यायले, आमची पोरगी कशी हुशार हाये ते. नीट तयारी करून ठेव. सारं नीट सांगजो त्यायले, लाजू नको."

मला रात्री झोप आली नाही. माझ्या कातिणी बघायला अकोल्याहून माणसं आगगाडीत बसून येणार! त्यात कोणी शाळेचं माणूस असेल, असंही मनात आलं. मी नळ्या ओळीनं मांडल्या. दाराच्या मागच्या मोठीला कंदिलाच्या काचेखाली ठेवलं. सकाळी मायनं मला न्हाऊ घातलं, केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली आणि आपल्या पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. मी म्हटलं, "लुगडं काहून? कातिनी दाखवतानी माती लागन त्याले." मायनं ते मला नेसवलं. माझ्या कपाळावर कुंकू लावताना तिचा हात थोडा थांबला होता. आज तो थांबलेला हात मला कळतो. तेव्हा मी फक्त म्हणाले, "लवकर कर ना वं."

तिघं आले. काळ्या टोपीतले एक वयस्क गृहस्थ, त्यांचे मेहुणे, आणि त्या गृहस्थांची बहीण. त्या जाडजूड होत्या आणि त्यांच्या नाकात मोठी नथ होती. त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. कोथिंबिरीची सांबारवडी आणि चहा झाला. काकाजी त्यांच्याशी शुद्ध, पुस्तकी मराठी बोलत होते. आमच्याशी बोलताना वापरत त्यातला एकही शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडी नव्हता. ते म्हणाले, "वेणू, पाहुण्यांना दाखव बरं."

मी दाखवायला लागले आणि अर्ध्या शब्दातच लाज विसरले. कुठली कुठे सापडते, कोण जाळं करते, कोण करत नाही, सगळं सांगितलं. काळ्या टोपीच्या गृहस्थांनी एक नळी उचलली आणि विचारलं, "याच्यावर काय लिहिलं, वाच." मी वाचून दाखवलं. "तूच लिहिलं?" मी म्हटलं, व्हय. त्यांनी मेहुण्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. आत्याबाई म्हणाल्या, "त्या झाडावरची दाखव ना बाई, ती शेपटीवाली." मी निंबापर्यंत गेले, खोडाभोवती एक चक्कर मारली, परत आले. त्यांना दिसली नाही म्हणून त्यांनी पुन्हा एकदा जायला लावलं. मी पुन्हा गेले. मग उडीवाली तळहातावर घेऊन मी त्यांच्यापुढे धरली. त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं, हात जवळ ओढला, उलटासुलटा केला. कातीण उडी मारून केव्हाच गेली होती, तरी त्या हातच बघत राहिल्या.

"उन्हानं रापली हाये," त्या भावाला म्हणाल्या. "घरात राहिली का निघन."

मला वाटलं, कातिणीबद्दलच बोलताहेत. उन्हात ठेवलेल्या कातिणी मरतात, रापत नाहीत, हे मी त्यांना सांगणारही होते. तेवढ्यात काकाजी म्हणाले, "वेणू, पाया पड सगळ्यांच्या." मी पडले. आत्याबाईंनी माझ्या ओटीत नारळ घातला. कोळी दाखवल्याबद्दल नारळ देतात हे मला माहीत नव्हतं. मी तो नारळ हातात घेऊन मोठ्या आनंदात मायकडे गेले. म्हणाले, "माय, त्यायले लई आवडल्या."

माय चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू आवडली वं बाई. त्यायनं तुले पसंत केलं. त्या टोपीवाल्याच्या मोठ्या पोरासाठी."

नारळ मी खाली ठेवला की माझ्या हातातून पडला, आठवत नाही. तो घरंगळत चुलीच्या तोंडापर्यंत गेला एवढं आठवतं. मी विचारलं, "काकाजीले मालूम हाये?"

"त्यायनंच तं जमवलं," माय म्हणाली. "माह्या मनात नोतं इतक्यात. पन ते शिकलेले, त्यायले आपल्याहून जास्त समजते." मग पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू बाहेर आली नसती, म्हने ते."

काकाजी पाहुण्यांना टांग्यात बसवून परत येत होते. मी बागेच्या फाटकाशी त्यांना गाठलं. अंगावर तेच हिरवं लुगडं होतं. मी म्हटलं, "तुमी तं म्हनले होते, ते कातिनी पाहाले येऊन राहिले."

ते थांबले. कोटाच्या बाहीवरची धूळ झटकली. मग माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकी भाषेत बोलले. म्हणाले, "पाहिलेच ना त्यांनी कोळी? मी खोटं काय बोललो?"

"आन शाळा?"

"घर चांगलं आहे. सुधारलेले लोक आहेत. तुला त्रास होणार नाही. तू अजून लहान आहेस, मोठी झालीस की समजेल."

मी मोठी झाले, म्हातारी झाले. मला ते समजलेलं नाही.

बाबांपुढे मी रडले, जेवले नाही. बाबांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पुंडलिकानं शब्द देला बेटा. तो म्हनते ते तुह्या भल्याचंच असन." काकाजींनी एक शब्द टाकला असता, तर बाबांनी तो सोयरसंबंध त्याच दिवशी मोडला असता. हे मला माहीत होतं आणि काकाजींनाही माहीत होतं. मांडव पडेपर्यंत ते घरात माझ्यासमोर येत, पानावर बसत, पाणी मागत. नजर मात्र भिंतीकडे असे. कंदिलाच्या काचेखालची मोठी मी दाराच्या मागे नेऊन सोडली आणि नळ्या धुऊन त्यांच्या पेटीवर ठेवल्या. त्या तिथेच पडून राहिल्या.

अकोल्याला मोर्णेच्या पलीकडे, जुन्या शहरात माझं सासर. गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या घरात फोडणी पडली की आमच्या घरात ठसका लागे. लोक वाईट नव्हते. सासूबाई दर शनिवारी झाडूला फडकं बांधून जळमटं काढायच्या आणि मी ती अंगणात नेऊन टाकायचे. माझे यजमान अबोल होते, पण माणूस सरळ. भाजीबाजारात त्यांचं दुकान होतं. लग्नाला थोडे दिवस झाले आणि काकाजींना अकोल्याच्याच एका हायस्कुलात सायन्स शिकवायची नोकरी लागली. मला नवल वाटलं, तसं मी यजमानांना बोलूनही दाखवलं. ते जेवत होते. सहज म्हणाले, "मामा शाळेच्या कमिटीत हायेत ना. लग्नाचं बोलनं झालं तवाच ठरलं होतं ते. तुले मालूम नोतं?"

त्यांना वाटलं मला माहीत असेल. त्यांचा काय दोष! मी त्यांना भाकर वाढली. मामा म्हणजे त्या दिवशी आलेले मेहुणे, मी नळीवरचं वाचून दाखवल्यावर काळ्या टोपीच्या गृहस्थांनी ज्यांच्याकडे बघून मान हलवली होती ते. इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते, की काकाजींना खरंच ते माझ्या भल्याचं वाटलं असेल, शिकलेली माणसंही चुकतात. त्या दिवसानंतर ती समजूतही राहिली नाही. पाटापुढचं ताट उचलून मी मोरीत गेले आणि नळाखाली, नव्हे, तेव्हा नळ कुठले, रांजणातलं पाणी ओतून ओतून ते घासत राहिले.

काकाजींचं लग्न झालं, नाव झालं. अकोल्यात त्यांना सगळे सर म्हणू लागले. ते मुलांना शेतात नेत, कोळी दाखवत. लग्नकार्यात आमची गाठ पडे, मी पाया पडे, ते आशीर्वाद देत. माझी मुलं झाली, शाळेत गेली. मी त्यांच्या पुस्तकांतून जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं, इंग्रजी अक्षरं त्यांच्या पाटीवर गिरवली. दुपारी घर निजलं की मागच्या अंगणात बसायचे. तिथेही त्या उड्या मारणाऱ्या कातिणी होत्या.

मग काकाजींची मुलगी उषा मॅट्रिक झाली. तिला ते नागपूरला कॉलेजात पाठवत होते, सायन्सलाच. गाडीला निघताना ते तिला वाटेत माझ्याकडे पाया पडायला घेऊन आले. काकाजींचे केस पिकले होते. उषा गोरटेली, दोन वेण्यांची, धीट मुलगी. खाली न बघता माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची. मी चहा केला, शंकरपाळे काढले. ती म्हणाली, "ताई, बाबा नेहमी सांगतात, कोळी ओळखण्यात तुमचा हात कोणी धरला नसता. मला तर वाईटच वाटतं. तुम्हाला शाळा नकोच होती ना? बाबांनी एवढं समजावलं, पण तुम्ही लग्नाचाच हट्ट धरलात म्हणे."

मी काकाजींकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतून घेत होते. ओतून झाला तरी त्यांनी कप उभा केला नाही, शेवटचे थेंब पडत राहिले.

मला वाटत होतं, आता या माणसाकडून माझ्या मनाला लागेल असं आणखी काही यायचं राहिलं नाही. आपली नोकरी लागावी म्हणून त्यांनी मला देऊन टाकलं होतं, ते मी गिळलं होतं. पण त्यांनी आपल्या पोरीला सांगताना माझी इच्छासुद्धा माझ्याकडे राहू दिली नव्हती.

"नाई वं उषा," मी म्हटलं. "मले शिकाचं होतं."

उषाच्या हातातला शंकरपाळा तसाच राहिला. काकाजींनी बशी खाली ठेवली. "उषा, चल, टांगा उभा आहे," ते म्हणाले आणि उठले. चप्पल घातली, दारात थांबले. ती उठली नाही. थोडा वेळ वाट पाहून ते बाहेर गेले.

"मग काय झालं होतं, ताई?" तिनं विचारलं.

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. पाहुणे येणार म्हणून काय सांगितलं होतं ते, आत्याबाईंनी हात धरला ते, फाटकातलं बोलणं, मामांची कमिटी, सगळं. आवाज चढवला नाही, रडले नाही. इतक्या वर्षांत हे मी कोणाला सलग सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. ती ऐकत होती. मधे एकदाच तिनं विचारलं, "कोळी पाहायला येताहेत, असं बाबा तुम्हाला म्हणाले?"

"व्हय," मी म्हटलं.

ती उठली, वाकून माझ्या पाया पडली आणि बाहेर गेली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. काकाजी टांग्यात मागच्या बाजूला बसले होते, शेजारी तिच्यासाठी जागा केलेली होती. ती तिथे चढली नाही. पुढे टांगेवाल्याच्या बाजूला जाऊन बसली आणि दोघं बापलेक पाठीला पाठ लावून स्टेशनच्या रस्त्यानं गेले.